जूनमध्ये बेदाणा नसतो

‘जून महिन्याची विक्री शून्य दिसते. कारण कळवावे.’

ही ओळ माझी. नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे घालणाऱ्या, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समधल्या एका व्हेंचर कॅपिटल फंडाच्या ऑफिसात बसून मी ती बेदाणा निवडायची मशीनं करणाऱ्या तासगावच्या एका कंपनीला ईमेलने धाडली होती. त्या कंपनीत आमचे पैसे होते. उत्तर लेखी आलं नाही, फोन आला. पलीकडे कंपनी काढणारा पस्तिशीचा इंजिनिअर. दोन क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, “मॅडम, जूनमध्ये बेदाणा नसतो.”

मी मिरजेची. जानेवारी संपता संपता द्राक्षं शेडवर यायला लागतात, वळवाचा पाऊस यायच्या आत माल जाळीवरून उतरलाच पाहिजे, नाहीतर काळा पडतो, हे मामाच्या घरी लहानपणापासून ऐकलेलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या एक्सेलमध्ये बारा रकाने होते आणि मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात किती टक्के वाढ, हे बाराही रकान्यांत भरायचं होतं. मुंबईत नऊ वर्षं ते रकाने भरल्यावर मामाची शेड डोक्यातून पुसली गेली होती.

त्याचं मशीन मी पहिल्यांदा पाहिलं ते जुनोनीच्या माळावर, एका शेडच्या मागच्या बाजूला. ज्यांनी बेदाण्याची शेड पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: लोखंडी सांगाड्यावर एकावर एक ताणलेल्या जाळ्या, वर आच्छादन, बाजूंना हिरवं शेडनेट. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढलेली द्राक्षं त्या जाळ्यांवर पसरायची. पंधरा-वीस दिवसांत वारा आपलं काम करतो. मग माल झटकायचा, काड्या वेगळ्या करायच्या आणि हिरवा, पिवळा, काळा निवडायचा. हे निवडायचं काम बायका करतात, ताडपत्रीवर ओळीनं बसून, डोळे चुरचुरेपर्यंत.

याने काय केलं होतं, तर दाणे एकेरी धारेनं पट्ट्यावरून सोडायचे, वर कॅमेरा, आणि काळा दाणा किंवा काडी दिसली की हवेचा बारीक फटका मारून ती बाजूला उडवायची. अशी मोठी मशीनं बाहेरच्या देशांतून येतात आणि मोठ्या कारखान्यांत बसतात. याचं मशीन पिकअपच्या हौद्यात मावायचं आणि या शेडवरून त्या शेडवर जायचं. तेवढाच फरक, पण शेडवाल्याच्या दृष्टीनं तोच सगळा.

निवडलेला बेदाणा शेडमालकानं ओंजळीत घेतला, उन्हात धरला, बोटानं पसरला. एक काडी सापडली. ती त्यानं चिमटीत धरून याच्या नाकासमोर नेली. आमच्याकडे पैसे मागायला येणारे बहुतेक लोक अशा वेळी बोलायला लागतात. हे पहिलंच मॉडेल आहे, पुढच्या व्हर्जनमध्ये वगैरे. हा काहीच बोलला नाही. खिशातून वही काढली आणि लिहिलं, ‘दुपारी ३ नंतर उजेड तिरका. काडी सुटते.’ माझा जीव जडला तो त्या वहीवर.

मुंबईला परतून मी जे टिपण लिहिलं, आमच्यात त्याला मेमो म्हणतात, त्यात ही वही कुठेच नव्हती. त्यात होतं ते असं: सुरुवात बेदाण्यापासून, पुढे काजू, पुढे डाळी आणि मसाले, पुढे तुर्कस्तान. पुष्कळ दिवसांनी मी ते टिपण काढून पाहिलं. पाच पानांत ‘पुढे’ हा शब्द अकरा वेळा आला होता. आम्ही ३ कोटी रुपये घातले. साल होतं २०२१. पैसा वाहत होता. त्या एका वर्षात भारतातल्या चाळीसहून जास्त कंपन्या अब्ज डॉलरच्या पंक्तीत जाऊन बसल्या आणि ‘जरा थांबू या’ म्हणणारा माणूस आमच्या ऑफिसात म्हातारा ठरत होता.

हा ‘पुढे’ कुठून येतो ते बाहेर कुणाला दिसत नाही, म्हणून थोडा हिशेब मांडते. कंटाळवाणा आहे, पण सगळी ग्यानबाची मेख त्यातच आहे.

समजा एक फंड ५०० कोटींचा आहे. हे पैसे फंड चालवणाऱ्यांचे नसतात. संस्थांचे असतात, श्रीमंत घराण्यांचे असतात, काही सरकारचेही असतात. सेबीच्या २०१२ च्या नियमांनुसार अशा फंडात एकेका गुंतवणूकदाराला साधारणपणे किमान १ कोटी घालावे लागतात. म्हणजे हे म्युच्युअल फंडाचं एसआयपी नव्हे. फंड चालवणाऱ्यांना दर साल सुमारे २ टक्के फी आणि शेवटी नफ्यातला २० टक्के वाटा, अशी जगभराची रूढ पद्धत. फंडाचं आयुष्य दहा वर्षांचं. दहा वर्षांची फी धरली तर १०० कोटी तिथेच गेले. गुंतवायला उरले ४००. ज्यांनी पैसे दिले त्यांना दहा वर्षांनी निदान तिप्पट हवेत, म्हणजे १५०० कोटी. आता फंडाचा कंपन्यांमधला हिस्सा प्रत्येक नव्या राउंडला, म्हणजे कंपनी नवे शेअर देऊन पुन्हा पैसे उचलते तेव्हा, घसरत शेवटी १५ टक्क्यांवर येतो असं धरा. तर १५०० कोटी हातात पडायला त्या सगळ्या कंपन्यांची मिळून किंमत १० हजार कोटी व्हायला हवी. पंचवीस कंपन्यांत पैसे घातले, निम्म्या बुडाल्या, सात-आठांनी मुद्दल तेवढं परत केलं. बाकी सगळं ओझं उरलेल्या चार-पाच डोक्यांवर.

या हिशेबात वर्षाला २ कोटी निव्वळ नफा कमावणारी, चाळीस घरांत पगार पोचवणारी, सहसा न बुडणारी कंपनी कुठे बसते? कुठेच नाही. आमच्या मीटिंगांमध्ये बुडालेल्या कंपनीबद्दल एक प्रकारची माया असायची. ‘धाडस केलं’ असं म्हणायचे. फुगत नाही आणि बुडतही नाही, अशा कंपनीला मात्र ‘झोम्बी’ म्हणायचे. सांगलीच्या कुठल्याही पेठेत वर्षाला दोन कोटी नफ्याचा धंदा असलेल्या माणसाला भुताची उपमा दिली असती तर लोकांनी आम्हालाच वेड्यात काढलं असतं.

आणि यात कुणाचा दुष्टपणा नाही, हे मुद्दाम सांगते. माझे वरिष्ठ सज्जन होते. हिशेबच तसा आहे. आंब्याला जसा मोहर, तसा या पैशाला ‘पुढे’ लागतो. माझं भांडण त्या पैशाशी नाही. तोच एक पैसा आणि तेच एक यश, असं जे आपण गेल्या दहा वर्षांत घरोघरी पोचवलं, त्याच्याशी आहे.

या धंद्याची मूळ गोष्ट सगळ्यांना अर्धीच सांगितली जाते. १९४६ साली बोस्टनला एक संस्था निघाली, तिचे प्रमुख होते जॉर्ज डोरिओ. १९५७ साली त्यांनी डिजिटल इक्विपमेंट नावाच्या नव्या कंपनीत ७० हजार डॉलर घातले. १९६६ साली ती कंपनी शेअर बाजारात आली आणि नंतरच्या काही वर्षांत त्या ७० हजारांचे ३५ कोटी डॉलरच्या वर झाले. एका कंपनीनं सगळ्यांचं उखळ पांढरं केलं, हा धडा तेव्हापासून गिरवला जातो. उरलेली अर्धी गोष्ट अशी, की डोरिओंच्या संस्थेचे स्वतःचेच शेअर बाजारात होते. दहा वर्षांनी पैसे परत करून गाशा गुंडाळायची अट तिला नव्हती. ते घड्याळ नंतरच्या मंडळींनी बसवलं. डिजिटलला एवढी वर्षं मिळाली, कारण कुणी दारात घड्याळ घेऊन उभं नव्हतं.

तासगावला घड्याळ होतं. पैसे आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत पुण्यात बाणेरला ऑफिस झालं, कारण ‘टॅलेंट’ तासगावला येत नाही असं आमचं म्हणणं. (तासगावात ज्या दोन फिटरांनी मशीन उभं केलं होतं त्यांना कुणी टॅलेंट म्हटलं नाही.) विक्रीची चार माणसं घेतली. काजूचं मशीन करायला घेतलं. काजूगर आणि बेदाणा यांच्यात कॅमेऱ्याच्या दृष्टीनं फारसं साम्य नाही. बेदाण्यात रंग बघायचा, काजूत तुकडा आणि आकार. पण काजूचा हंगाम वेगळा, म्हणजे जूनचा रकाना भरेल, असा माझाच युक्तिवाद होता. मार्चमध्ये, ऐन सुगीत, जुनोनी-नागज भागात चार मशीनं एकाच आठवड्यात अडकली. पट्ट्यावर साखर चिकटून दाणे धार सोडून पळायला लागले होते. ज्या पोराला ते दुरुस्त करता येत होतं तो वेंगुर्ल्याला काजूच्या चाचण्या घेत बसला होता. पोचायला त्याला दोन दिवस लागले. शेडवाल्याचा माल दोन दिवस ताडपत्रीखाली पडून राहिला, आभाळ भरून आलेलं, आणि बायकांना त्यानं ‘या वर्षी मशीन आहे’ म्हणून आधीच नाही सांगितलेलं. असा माणूस पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. आणि शेडवाले सौद्याच्या दिवशी एकमेकांना भेटतात, त्यामुळे त्याचे दहा ओळखीचेही उचलत नाहीत.

पुढचा राउंड यायचा होता तोवर २०२२ उजाडून मावळायला आलं होतं. अमेरिकेत व्याजदर वर गेले, पैसा आटला, आणि आमचाच फंड आमच्याच कंपन्यांना ‘खर्च कमी करा, नफ्यात या’ असं सांगू लागला. वर्षभरापूर्वी नफा विचारणारा जुनाट होता. बाणेरचं ऑफिस बंद झालं. आमच्या वहीत ते ३ कोटी बुडीत खाती गेले. आमच्या दृष्टीनं विषय संपला. पंचवीसातली एक गेली, ती जाणारच होती.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट इथे आठवते. बेळगावहून बिऱ्हाड हलवायची वेळ आली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर जागा दिली, वर कर्जही दिलं. १९१० साली तिथे कारखाना उभा राहिला. आमच्या तासगावपासून ते ठिकाण लांब नाही. लोखंडी नांगरानं जमिनीला विष बाधतं, असं शेतकरी म्हणायचे. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. औंधच्या राजांनी त्या काळात ‘गेल्या महिन्यापेक्षा किती टक्के वाढ’ असं विचारणारं पत्र पाठवलं असतं, तर लक्ष्मणरावांनी काय भरलं असतं त्या रकान्यात? नांगराऐवजी निवडुंगाच्या माळावर दुसरं काहीतरी ‘पुढे’ दाखवलं असतं बहुधा.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, की बाई, राजे आता नाहीत, आणि बँकेत गेलात तर मॅनेजर पहिलं वाक्य काय बोलतो? ‘तारण काय?’ खरं आहे. सातबारा, घराचा उतारा, नाहीतर बायकोचे दागिने. व्हेंचर कॅपिटलनं हे मोडलं, आणि ही लहान गोष्ट नाही. धंदा बुडाला म्हणून कुणाची जमीन गेली नाही, कुणाच्या दारावर नोटीस चिकटली नाही. आमचा तासगावकरही बुडाल्यावर स्वतःच्या घरात झोपला, हे मी विसरत नाही. काही धंदे तर या पैशाशिवाय झालेच नसते. कैलास काटकर रहिमतपूरहून पुण्याला आले, कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. भावानं संगणकातल्या व्हायरसवर औषध लिहिलं. क्विक हील उभी राहिली. २०१० साली सिक्वोया या व्हेंचर फंडानं त्यात ६० कोटी घातले आणि २०१६ साली कंपनी बाजारात आली. सॉफ्टवेअरची एक प्रत काढायला जो खर्च तोच लाखाव्या प्रतीला, नव्हे त्याहून कमी. अशा मालाला हा पैसा मानवतो. पण याही गोष्टीत आधीचं दीड-दोन दशकांचं दुकान आहे, बाहेरच्या पैशाशिवायचं. आणि आयआयटी मुंबईतून निघालेली ड्रोनची आयडियाफोर्ज २००७ साली सुरू झाली ती बाजारात आली २०२३ साली. सोळा वर्षं. एका फंडाच्या आयुष्यापेक्षा सहा जास्त.

तेव्हा वाद हा नाही, की व्हेंचर कॅपिटल चांगलं की वाईट. प्रश्न सार्वजनिक आहे, कारण पैसाही सार्वजनिक आहे आणि कौतुकही. १६ जानेवारी २०१६ ला स्टार्टअप इंडिया योजना जाहीर झाली. तिच्यात १० हजार कोटींचा ‘फंडांचा फंड’ आहे, लघुउद्योगांसाठीच्या सिडबी या बँकेमार्फत चालणारा. सिडबी हे पैसे थेट कंपन्यांना देत नाही, फंडांना देते, आणि फंडांनी त्याच्या निदान दुप्पट रक्कम स्टार्टअपमध्ये घालायची असते. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी १० हजार कोटी जाहीर झाले. कल्पना वाईट नाही. बाबूपेक्षा बाजारातल्या माणसाला निवडू द्या, असा विचार. पण त्याचा परिणाम असा, की करदात्याचा पैसाही त्याच घड्याळात आणि त्याच ‘पुढे’च्या हिशेबात जाऊन बसतो. जिथे खासगी पैसा आपणहून जातोच आहे तिथे सरकारनं त्याच्या शेजारी उभं राहायचं, आणि जिथे कुणीच जात नाही ती जागा रिकामीच.

सरकारला दुसरी बाजू सुचलेलीच नाही असंही नाही. २०२१ साली ९४५ कोटींची सीड फंड योजना आली. इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्थांमार्फत, नमुना करून पाहण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि पुढच्या टप्प्याला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा तत्सम. आमच्या माणसाला मी तिकडे पाठवलं. अट अशी, की अर्ज करताना कंपनी नोंदवून दोन वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी. त्याची तोवर चार झाली होती. ज्याला हंगाम वर्षातून एकदाच मिळतो त्याला दोन वर्षांत दोनच संधी मिळतात, हे अट लिहिणाऱ्याच्या मनात आलं नसणार. त्याच्याही रकान्यात बारा महिने असावेत.

कौतुकाची गोष्ट आणखी वाईट. ‘शेतकऱ्याच्या पोरानं उभी केली शंभर कोटींची कंपनी’ असा मथळा आपण दर पंधरवड्याला वाचतो. शंभर कोटी कसे झाले? कुणीतरी १० कोटी घालून १० टक्के हिस्सा घेतला, म्हणून सगळ्याची किंमत १०० कोटी. म्हणजे वाड्यातली एक खोली हौशी गिऱ्हाइकानं चढ्या भावात घेतली, म्हणून अख्खा वाडा त्याच भावाचा झाला. शिवाय ती खोली वेगळ्या अटींवर घेतलेली असते. गुंतवणूकदाराचे शेअर प्रेफरन्स असतात. कंपनी विकली तर त्याचे पैसे आधी. आजवर २० कोटी उचलले आणि कंपनी २२ कोटींना गेली, तर कागदावर ६० टक्के मालकी असलेला संस्थापक आणि त्याचे सगळे कर्मचारी मिळून उरलेल्या २ कोटींकडे बघतात. आणि अटी कडक असतील तर त्या दोनातही गुंतवणूकदाराचा वाटा असतो. हे कलम टर्मशीटमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदात, दोन ओळींचं असतं. मी ते वाचून दाखवलं की बहुतेक पोरं मान हलवायची, कारण त्यांचं लक्ष वरच्या आकड्यावर असायचं. बायजूजला २०२२ साली २२ अब्ज डॉलरचं मोल चिकटलं होतं. जुलै २०२४ मध्ये १५८ कोटींच्या थकबाकीवरून बीसीसीआयच्या अर्जावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. आकडा आणि पैसा यांच्यात एवढं अंतर असू शकतं.

पैसे देणारा आणि काम करणारा यांचं जमत नाही, ही तशी जुनी कहाणी आहे. १९१८ साली नाशिकला दादासाहेब फाळक्यांनी भांडवलदार भागीदार घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू केली. भागीदारांना खर्चाचा हिशेब हवा, फाळक्यांना त्यांच्या मनासारखं चित्र. खटके उडाले, फाळके काशीला निघून गेले, पुढे परत आले ते पगारी माणूस म्हणून. स्वतः लावलेल्या झाडाखाली नोकरी. आजच्या भाषेत याला ‘फाउंडर एक्झिट’ म्हणतात आणि त्याचा केक कापतात.

संस्थापकांबद्दल मी काय शिकले असं विचाराल, तर फार काही भव्य सांगता येणार नाही. एक, वाईट बातमी लपवणारा माणूस सहसा खोटारडा नसतो. आपण त्याला चांगलीच बातमी ऐकायची सवय लावलेली असते. ठाण्याच्या एका संस्थापकानं सलग दोन महिने पगार बायकोच्या दागिन्यांवर कर्ज काढून केले आणि आम्हाला पाठवलेल्या तक्त्यात ‘रनवे: ५ महिने’ लिहिलं, म्हणजे हातातला पैसा पाच महिने पुरेल. मला कळलं ते त्याच्या बायकोकडून, एका लग्नात, पंगतीत. तारण घेत नाही म्हणून आम्ही मिरवत होतो, आणि तारण तर गेलंच होतं, फक्त दुसऱ्या दुकानात.

दुसरं भाषेचं. आमच्या खोलीत सगळं इंग्रजीत चालायचं. शेडवर जो माणूस चार वाक्यांत शेडमालकाला गप्प करायचा तोच आमच्या काचेच्या खोलीत स्लाइड वाचून दाखवायचा. बाहेर पडल्यावर एक वरिष्ठ म्हणाले, हा मोठी कंपनी चालवू शकेल असं वाटत नाही. मी विचारलं, का? त्यांना कारण सांगता आलं नाही. मला आलं असतं, पण मी सांगितलं नाही. त्या टेबलावर मी एकटीच बाई होते आणि एका मीटिंगला एकच वाद, असा माझा स्वतःपुरता नियम होता. आता वाटतं, तो नियम चुकीचा होता.

मग काय करायचं? माझ्याकडे योजनेचा आराखडा नाही, पण आपल्या मातीत दुसऱ्या जातीचं भांडवल उभं राहिलेलं आहे, हे तरी आठवावं. १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, शेतकऱ्यांचे शेअर, सरकारचा हातभार. त्या पैशाला ‘एक्झिट’, म्हणजे हिस्सा विकून बाहेर पडायचा दिवस, नव्हता. पुढे अनेक कारखान्यांचं काय झालं, राजकारण कसं शिरलं, ते मला पाठ आहे. एक्झिट नसलेल्या पैशालाही आपले रोग होतात. पण ऊस पिकवणाऱ्यानं स्वतःच कारखान्यात भांडवल घालावं, ही कल्पना बँकेची नव्हती आणि व्हेंचर फंडाचीही नव्हती. आजचंच उदाहरण हवं असेल तर नाशिकजवळच्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स बघा. शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी, आणि २०२२ साली तिच्यात बेल्जियम, नेदरलँड्स आणि फ्रान्सच्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी घातले. हे लोक द्राक्षाचा हंगाम समजून घेऊन आले. म्हणजे जगात तसा पैसा आहे.

माझं म्हणणं इतकंच आहे, की सरकारनं पुढचे हजारो कोटी फंडांकडे वळते करताना त्यातला ठसठशीत हिस्सा असा ठेवावा ज्याला दहा वर्षांत तिपटीची अट नाही. विक्रीतून टक्केवारीनं फिटणारं, हंगामात जास्त आणि पावसाळ्यात शून्य हप्ता घेणारं कर्ज त्यातून द्यावं. पीक कर्जाला आपण हंगाम मान्य केला, मशीनच्या कर्जाला का नाही? बिनतारणी कर्जासाठी सरकारची हमी देणारी यंत्रणा, सीजीटीएमएसई, २००० सालापासून आहे. मर्यादा वाढत वाढत २०२५ मध्ये १० कोटींवर गेली. मी आमच्या तासगावकराला घेऊन बँकेच्या एका शाखेत गेले होते. मॅनेजरनं हमीची योजना पूर्ण ऐकून घेतली, कौतुक केलं, आणि विचारलं, “ते ठीक आहे मॅडम, पण वडिलांच्या नावावर जमीन असेल ना?” तिथे नवी योजना नको, असलेल्या योजनेखाली कर्ज बुडालं तर मॅनेजरची बदली होणार नाही, एवढी खात्री हवी.

आणि मोजायचं ते बदलावं. कुठल्या जिल्ह्यात किती ‘फंडिंग’ आलं हे मोजणं म्हणजे लग्नात हुंडा किती हे मोजण्यासारखं आहे. संसाराचं त्यातून काही कळत नाही. पाच वर्षांनी किती माणसांचा पीएफ भरला जातोय, किती गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा माल घेतला, हे आकडे सरकारी दप्तरांतून निघू शकतात. पीएफचा तर नक्कीच.

तासगावचं मशीन अजून चालू आहे. आमच्या फंडानं आपले शेअर नाममात्र किमतीला त्यालाच परत दिले, कारण खातं बंद करायला तेच स्वस्त पडत होतं. काजू त्यानं सोडला. मशीन विकणंही जवळपास सोडलं. हंगामात भाड्यानं देतो, किलोवर पैसे घेतो, सोबत एक फिटर पाठवतो. जूनमध्ये मशीनं खोलून धुतो, पट्टे बदलतो. वही तीच आहे की नवी, मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून फोन आला. पिच स्पर्धेला परीक्षक म्हणून या, आणि एखादा यशस्वी ग्रामीण संस्थापक सुचवा. मी त्याचं नाव सांगितलं. संयोजक मुलगी उत्साहानं लिहून घेत होती. मग म्हणाली, “मॅम, बॅनरवर टाकायला त्यांचं व्हॅल्युएशन किती सांगू?”

मी म्हटलं, ते काढलेलं नाही.

“आणि फंडिंग?”

“परत गेलं.”

विचारून कळवते म्हणाली. अजून कळवलेलं नाही. तसाही तो आला नसता. स्पर्धा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आहे आणि जाळ्यांवर माल चढलाय.